एका रांगेत खोल्या कोणत्या क्रमाने लावायच्या? सिंगल रो लेआउटचं गणित

सरकारी दवाखान्याचा पॅसेज डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला सलग तीन खोल्या: केसपेपर २ मीटर रुंद, ओपीडी १० मीटर आणि औषधवाटप ४ मीटर. समजा, तासाभरात केसपेपर ते ओपीडी ३० फेऱ्या होतात आणि ओपीडी ते औषधवाटप २०. काही जुने पेशंट केसपेपर काढून थेट औषधांकडे जातात, त्या १०. खोल्यांचा क्रम कसा ठेवला तर सगळ्यांचं मिळून चालणं कमीत कमी होईल? आजारी माणूस चालणार आहे, त्यामुळे प्रश्न अगदीच पुस्तकी नाही.

याला सिंगल रो फॅसिलिटी लेआउट प्रॉब्लेम म्हणतात. डोनाल्ड सिमन्स यांनी १९६९ मध्ये यावर पेपर लिहिला. कारखान्यात सरळ ट्रॅकवरून सामान नेणाऱ्या गाडीच्या कडेने मशीन लावतानाही हाच प्रश्न येतो. अंतर खोलीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं, फेऱ्यांनी गुणायचं आणि सगळ्या जोड्यांची बेरीज करायची.

बहुतेक जण म्हणतील, ओपीडीत सगळ्यात जास्त वर्दळ, मग ती मधे ठेवा. बेरीज येते ४५० मीटर. औषधवाटप मधे ठेवलं तर ४७०. आणि केसपेपर मधे ठेवला तर फक्त ३९०!

असं का होतं? शेजारी-शेजारी असलेल्या खोल्यांतसुद्धा अर्धी-अर्धी रुंदी चालावीच लागते. हा भाग (इथे ३५० मीटर) कुठल्याही क्रमात तेवढाच राहतो. बदलतं ते एवढंच की मधल्या खोलीला ओलांडून किती फेऱ्या जातात. ओपीडी मधे असेल तर १० फेऱ्या १० मीटर ओलांडतात, म्हणजे १०० मीटर जास्त. केसपेपर मधे असेल तर २० फेऱ्या २ मीटर, म्हणजे ४०. गर्दीइतकीच रुंदीही महत्त्वाची आहे.

सगळे क्रम तपासून बघू?

उलटा क्रम म्हणजे तोच क्रम, त्यामुळे १० खोल्यांचे १८,१४,४०० क्रम होतात. तुमचा फोन हे आरामात करेल. २० खोल्यांना मात्र सेकंदाला १०० कोटी क्रम तपासले तरी साडेअडतीस वर्षं लागतील.

इथे वरची युक्ती कामी येते. एखाद्या खोलीला ओलांडणाऱ्या फेऱ्या तिच्या डावीकडे कोणत्या खोल्या आहेत यावर ठरतात. त्या आपसात कुठल्या क्रमाने आहेत याने फरक पडत नाही. म्हणून क्रमांऐवजी फक्त संच लक्षात ठेवायचे आणि प्रत्येक संचासाठी आतापर्यंतचा सर्वात कमी खर्च साठवायचा. हे डायनॅमिक प्रोग्रामिंग. पिकार्ड आणि केरान यांनी १९८१ मध्ये ते या प्रश्नासाठी वापरलं. २० खोल्यांचे संच साधारण साडेदहा लाख, म्हणजे काहीच नाही. पण प्रत्येक खोलीमागे संच दुप्पट होतात. ३० खोल्यांना, प्रत्येक संचाला ८ बाइट धरले, तर नुसत्या आकड्यांसाठी ८ जीबी रॅम लागते.

त्यापुढे दोन रस्ते आहेत. एक जड गणिताचा: "यापेक्षा कमी खर्च शक्यच नाही" अशी खालची मर्यादा काढायची आणि हातातलं उत्तर तिच्याशी जुळतंय का बघायचं. अँजोस आणि वॅनेली यांनी २००८ मध्ये सेमीडेफिनिट प्रोग्रामिंगने ३० खोल्यांपर्यंतचे प्रश्न असे पक्के सोडवले.

दुसरा जुगाडाचा: कुठलाही क्रम घ्या, एक खोली उचलून दुसरीकडे घुसवून बघा, खर्च कमी झाला तर ठेवा. हे लवकरच अडकतं, कारण कुठलीही एक खोली हलवली तरी खर्च वाढतो, पण दोन-तीन एकदम हलवल्या तर कमी झाला असता. म्हणून वेगवेगळ्या सुरुवाती घेऊन पुन्हा पुन्हा चालवतात, किंवा सिम्युलेटेड अॅनीलिंगमध्ये कधीकधी मुद्दाम वाईट बदलही स्वीकारतात. उत्तर बऱ्याचदा उत्तम येतं, पण ते सर्वोत्तम आहे याचा पुरावा मिळत नाही.

मी असतो तर २० खोल्यांपर्यंत सरळ डायनॅमिक प्रोग्रामिंग लिहिलं असतं. पायथॉनमध्ये तीसेक ओळी पुरतात. त्यावर घुसवाघुसवी शंभरेक वेळा वेगळ्या सुरुवातींनी, आणि वाचलेला वेळ फेऱ्या नीट मोजण्यात घातला असता. सोमवारी ओपीडीला किती गर्दी असते, हे कुठलाच अल्गोरिदम स्वतःहून सांगत नाही.