उपरी आणि मिरासदार

इंदूर शहराच्या पश्चिम अंगास अन्नपूर्णेचे मंदिर आहे. ते १९५९ साली उभे राहिले, आणि सभोवार वाढलेल्या वस्तीस देवीचेच नाव पडले. ह्या भागात हिंदी व माळवी यांच्या जोडीला मराठीही कानी पडते. इथल्या मराठी घरांतील मुले आता शिक्षण संपवून अमेरिका, कॅनडा, जर्मनी अशा देशांत नोकरीस जातात. जाताना हाती असतो तो मुदतीचा परवाना. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने अशा कुशल कामगारांच्या वास्तव्यास साधारणतः सहा वर्षांची मर्यादा घातली, आणि नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या कायम वास्तव्याच्या हक्कांत कोणत्याही एका देशाचा वाटा शेकडा सातांहून अधिक असू नये असेही ठरविले. त्यामुळे भारतातून गेलेल्यांची रांग लांबत गेली. घरची वडीलधारी माणसे दूरध्वनीवरून प्रकृतीची चौकशी करतात आणि मग हळूच विचारतात, “कागद झाले का?”

हा प्रश्न नवा वाटतो; पण ज्या भूमीवर उभे राहून तो विचारला जातो, त्याच भूमीवर मराठी माणूस एके काळी स्वतः मुदतीचा पाहुणा होता. तो माळव्यात कायमचा कसा झाला, त्यात कागदाचा वाटा किती आणि इतर गोष्टींचा किती, हे पाहणे उद्बोधक आहे.

मराठी भाषेला ह्या दोन अवस्थांसाठी परक्या शब्दांची उसनवारी करण्याचे कारण नाही. पेशवाईतील देशावरच्या गावांत शेतकऱ्यांचे दोन वर्ग असत. एक मिरासदार आणि दुसरा उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती त्याला विकता येई, गहाण टाकता येई. दुष्काळाने वा दंग्याने तो परागंदा झाला, तरी पुष्कळ वर्षांनी परतून आपली मिरास मागू शके. गावच्या विचारविनिमयात त्याचा शब्द चाले. उपरी बाहेरून आलेला. तो कौल घेऊन, ठरल्या मुदतीपुरती जमीन कसावयाचा आणि मुदत सरली की राहावयाचा किंवा जावयाचा. गावकीत त्याला मान नसे. परंतु ह्या भेदाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. पीक बुडाले तर उपरी बिऱ्हाड पाठीवर टाकून निघून जाऊ शके. मिरासदाराला सरकारदेण्याचा आणि गावच्या जबाबदारीचा भार टाकून सहसा मोकळे होता येत नसे. मिरास म्हणजे हक्क खराच, पण ती बेडीही होती. आणि ही बेडी माणूस आनंदाने पायात घालून घेई.

माळव्यात मराठे प्रथम आले ते उपऱ्याहूनही उपरे म्हणून. १६९९ साली कृष्णाजी सावंताच्या सैन्याने नर्मदा ओलांडली. पुढील पंचवीस वर्षांतील स्वाऱ्यांचा क्रम ठरलेला असे. दसऱ्यास सीमोल्लंघन करावे, हिवाळा-उन्हाळा परमुलखात काढावा, खंडणी वसूल करावी आणि मृगाच्या आधी नर्मदा उतरून घर गाठावे. मराठी फौजेतला शिपाई पुष्कळदा शेतकरीही असे. पेरणीला त्याचे हात घरी लागत. परमुलखातील त्याच्या वास्तव्याची मुदत पातशहाने नव्हे, पावसाने ठरविलेली होती.

ही मुदत मोडली ती एका साध्या गोष्टीने. पेशव्यांच्या सरदारांनी पावसाळाही तिकडेच काढावयास आरंभ केला. ह्या मुक्कामाला नाव पडले छावणी. ह्या शब्दाच्या मुळाशी छप्पर शाकारणे हा अर्थ आहे. तंबू वाऱ्यावर उभा राहतो, पण माळव्याच्या काळ्या जमिनीवर चार महिने पाऊस कोसळू लागला की त्याचा निभाव लागत नाही. गवताचे का होईना, पण छप्पर घालावे लागते. परमुलखात ज्याने पहिल्यांदा छप्पर शाकारले, त्याने नकळत तेथे राहण्याच्या दिशेने पाऊल टाकले होते.

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी आप्पाच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. तो स्वतः रणात पडला. १७३२ च्या सुमारास शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात ह्या प्रांताच्या वसुलाची वाटणी झाली. पुढे उज्जैन शिंद्यांचे, इंदूर होळकरांचे, धार व देवास पवारांचे, अशी जी घडी दिसते तिचा पाया ह्याच काळात पडला. तथापि ह्या सरदारांच्या हाती जे होते ते मालकीचे नव्हते. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्याच्या बदल्यात तोडून दिलेला वसूल. चाकरी आहे तोवर सरंजाम. धन्याची मर्जी फिरली तर तो काढून घेता येई. महालावर नेमलेल्या कमाविसदाराची स्थिती तर त्याहून नाजूक. त्याला पुण्याहून हिशेब विचारला जाई आणि नेमणूक केव्हाही बदलता येई. आजच्या परवानाधारकाचे वास्तव्य जसे त्याच्या नोकरीला बांधलेले असते, तसेच ह्यांचेही होते. नोकरी गेली की पायाखालची जमीनही गेली.

सरदारांच्या डोक्यावर पुणे होते आणि पुण्याच्या पुढे दिल्ली. कागदोपत्री माळवा पातशहाचाच सुभा होता. जानेवारी १७३८ मध्ये भोपाळजवळ निजामाला कोंडीत धरून पहिल्या बाजीरावाने माळवा देण्याचे वचन त्याच्याकडून घेतले. पण पातशाही शिक्क्याचा कागद बाजीरावाच्या हयातीत हाती पडला नाही. तो मिळाला १७४१ साली, त्याचा पुत्र बाळाजी बाजीराव याला, जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या मध्यस्थीने. त्या कागदानेही पेशव्याला सुभेदार केले नाही. सुभेदारीचे नाव शाहजाद्याकडे राहिले आणि पेशव्याच्या वाट्याला नायब सुभेदारी आली. त्यातही पेशव्याने एकनिष्ठतेचा करार लिहून द्यावा, आणि तो मोडल्यास आपण त्याची चाकरी सोडू अशी हमी राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, यशवंतराव पवार व पिलाजी जाधव यांनी द्यावी, असे ठरले. लढाई जिंकून तेरा वर्षे लोटल्यावर, प्रत्यक्ष ताबा असतानाही, विजेत्याला जामीन द्यावे लागले! कागदाची किंमत तलवार बाळगणाऱ्यालाही कळत होती, हे ह्यावरून दिसते.

परंतु वस्तीच्या दृष्टीने १७४१ च्या ह्या थोर कागदापेक्षा सात वर्षे आधीचा एक लहान कागद अधिक महत्त्वाचा मानावा लागेल. १७३४ च्या जानेवारीत बाजीरावाने मल्हाररावाची पत्नी गौतमाबाई हिला खासगीची जहागीर दिली. हिचे उत्पन्न वर्षाला सुमारे तीन लाख रुपयांचे होते. सरंजाम मल्हाररावाच्या तलवारीसाठी होता. खासगी त्याच्या घरासाठी होती. ती फौजेच्या चाकरीला बांधलेली नव्हती आणि वंशपरंपरेने चालावयाची होती. स्वारीवर पुरुष जातो. वस्ती करावयाची तर चूल लागते. परमुलखातील कागदावर जेव्हा गृहिणीचे नाव आले, तेव्हा छावणीचे घर झाले असे म्हणावयास हरकत नाही.

मल्हारराव हा जन्माने नीरेकाठच्या होळ गावचा. तो वाढला खानदेशात, तळोदे येथे मामाच्या घरी. धनगराच्या कुळातील ह्या पुरुषाला चराईच्या मागे मुलूख बदलणे नवे नव्हते. तरीही जुन्या घराची दोरी त्याने तोडली नाही. जेजुरीच्या खंडोबाच्या देवळाच्या बांधकामास होळकरांनी हातभार लावला, आणि इंदुरात राजवाडा उभा राहिला तेव्हा मल्हारी मार्तंडाला तेथेही स्थान मिळाले. देव जुन्या गावी ठेवावा आणि नव्या गावीही आणावा, ही स्थायिक होणाऱ्या माणसाची सनातन रीत आहे.

ज्या गावात हा राजवाडा झाला, ते मराठ्यांनी वसविले नव्हते हेही सांगितले पाहिजे. कंपेलचे परगण्याचे ठाणे १७२० साली इंदुरास आले होते आणि तेथील जमीनदारी राव नंदलाल मंडलोई यांच्याकडे होती. नवागतांना ह्या जुन्या घराण्याशी, व्यापाऱ्यांशी आणि पाटलांशी जुळवून घ्यावे लागले. उजाड गावांची लावणी करण्यासाठी तगाई द्यावी लागली आणि पहिल्या वर्षी हलका सारा घेऊन तो दरसाल थोडाथोडा चढवीत नेणारा इस्तावा करावा लागला. खंडणी घेणाऱ्याला यंदाच्या पिकाशी काम असते. राहणाऱ्याला पुढच्या दहा पिकांशी. माळव्यातील मराठी कारभाराचे मन ह्याच काळात पालटले.

ह्या पालटाला पूर्णत्व आले ते अहल्याबाईंच्या कारकिर्दीत. १७६७ पासून १७९५ मधील मृत्यूपर्यंत नर्मदातीरी महेश्वरास राहून त्यांनी राज्य केले. घाट, धर्मशाळा, विहिरी यांवर त्यांनी खासगीचे द्रव्य वेचले. ज्या नदीपर्यंत एके काळी मराठी फौजा पावसाच्या धाकाने धावत परत येत, त्याच नदीच्या काठी एक मराठी विधवा ठाण मांडून बसली आणि माळव्याने तिला परकी म्हटले नाही. हा हक्क कोणत्याही फर्मानात लिहिलेला नव्हता.

मिरासदाराला गावाबरोबर सोसावेही लागते. ऑक्टोबर १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले आणि राजवाडा जाळला. लुटणाऱ्या फौजेचे धनी मराठी होते, आणि लुटले गेलेल्यांतही मराठी घरे होतीच. त्या दिवशी दक्षिणी म्हणून कोणाची सुटका झाली नाही. जे झाले ते इंदूरकर म्हणून सोसावे लागले.

१८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई होळकरांनी गमावली. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि इंदूर राजधानी बनली. त्याच वर्षी पेशवाई बुडाली. ज्या पुण्याकडे हिशेब धाडावयाचे, ते पुणे सत्ता म्हणून उरले नाही. पुढे दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात खांडवा-इंदूर लोहमार्ग झाला. १८९१ साली होळकर कॉलेज निघाले. नव्या पिढ्यांचे शिक्षक, कारकून, वैद्य, वकील दक्षिणेतून येत राहिले. ते आले नोकरीच्या हुकमावर आणि राहिले मुलांच्या शाळेमुळे. मराठी साहित्य संमेलन १९१७ साली आणि पुन्हा १९३५ साली इंदुरास भरले. नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखा चित्रकार १९१० साली आणि लता मंगेशकर यांच्यासारखी गायिका १९२९ साली ह्याच शहरात जन्मास आली.

खरी कसोटी १९४८ साली लागली. २८ मे रोजी मध्यभारत संघ अस्तित्वात आला आणि होळकरांचे राज्य त्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यप्रदेश राज्य झाले. सरंजाम, सनदा, दरबार, सारे इतिहासजमा झाले. दोन शतके राज्यकर्त्यांची भाषा म्हणून वावरलेली मराठी आता अल्पसंख्यांची भाषा ठरली. ज्या कागदांच्या बळावर मराठी माणूस येथे आला, ते सगळे कागद रद्द झाले होते. कागद हेच वास्तव्याचे मूळ असते, तर ह्या वस्तीने त्या साली गाशा गुंडाळावयास हवा होता. ती राहिली. १९५० च्या राज्यघटनेने कोणत्याही प्रांतात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिलाच होता; पण हक्क आहे म्हणून कोणी घर करीत नाही. २००१ साली संमेलन तिसऱ्यांदा इंदुरास आले, तेव्हा त्याच्या पाठीशी कोणताही दरबार नव्हता. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन सून म्हणून इंदुरात आल्या. १९८९ पासून सलग आठ वेळा ह्या शहराने त्यांना लोकसभेवर निवडून दिले. गावकीत शब्द चालणे ही मिरासदाराची जुनी खूण ती हीच.

गमावलेलेही पुष्कळ आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या मराठीत हिंदीची वळणे आली, कोकणातली वा देशावरची घरे भावकीकडे गेली, आणि कुलदैवताचे दर्शन लग्नकार्यापुरते उरले. महाराष्ट्रात गेले की ही माणसे इंदूरची म्हणून ओळखली जातात आणि इंदुरात कधीकधी महाराष्ट्रीय म्हणून. दोन्हीकडे थोडेसे उपरेपण राहून जाते. ह्या किमतीवाचून कायमचे वास्तव्य आजवर कोणास मिळालेले नाही.

अन्नपूर्णेच्या वस्तीतील सकाळची न्याहारी ह्याची साक्ष देते. ताटलीतले पोहे महाराष्ट्रात घरोघरी होतात. त्यांवरची शेव आणि सोबतची जिलबी ही इंदुराची. माणसाचे दाणापाणी जेथे असते तेथे तो जातो, असे जुनी माणसे म्हणत. आज त्या वस्तीतून टोरांटोस गेलेला मुलगा शिक्क्याची वाट पाहत असेल, तर ती वाट योग्यच आहे. तेरा वर्षे वाट पाहिलेल्यांचा वारसा त्याच्याकडे आहे. मात्र शिक्का त्याला उंबऱ्याच्या आत घेईल, एवढेच. तेथली थंडी सोसणे, तेथल्या शेजाऱ्याच्या दुखण्याला धावणे, तेथल्या शाळेची चिंता वाहणे हा सारा मिराशीचा भार आहे, आणि तो उचलल्यावरच माणूस त्या गावचा होतो.