राजधानी क्षेत्रातील लहान आलिशान एसयूव्ही : कुटुंबाची गाडी म्हणून एक विचार

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद व फरीदाबाद या शहरांच्या रस्त्यांवर गेल्या दशकभरात एका विशिष्ट वर्गाच्या गाड्यांची संख्या नजरेत भरेल इतकी वाढली आहे. बीएमडब्ल्यू एक्स-१, ऑडी क्यू-३, मर्सिडीज जीएलए ही या वर्गातील ठळक नावे. यांपैकी एक्स-१ डिसेंबर २०१० मध्ये, क्यू-३ २०१२ मध्ये आणि जीएलए २०१४ मध्ये भारतीय बाजारात आली. मराठी वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, परंतु दिल्लीकर ज्या विदेशी बोधचिन्हांचा अभिमान बाळगतात त्यांतील दोन गाड्यांची जुळणी महाराष्ट्रात होत आली आहे. मर्सिडीजचा कारखाना पुण्याजवळ चाकण येथे आहे, तर ऑडीच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत तयार होतात. एक्स-१ मात्र चेन्नईजवळ जुळवली जाते.

एक्स-१ ची सुरुवातीची किंमत २०१० मध्ये सुमारे २२ लाख रुपये होती. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या एक्स-१ साठी ४५ लाख ९० हजार रुपयांपासून पुढे मोजावे लागले. नोंदणी, पथकर व विमा यांचा खर्च वेगळा. एवढी रक्कम खर्च करणारे कुटुंब साहजिकच अशी अपेक्षा बाळगते की ही गाडी मुलांच्या शाळेपासून गावाकडच्या प्रवासापर्यंत सर्व कामे करील. ही अपेक्षा कितपत पूर्ण होते, हे बोधचिन्हापेक्षा इंधन, मागचे आसन आणि दिल्लीचे हवामान या तीन गोष्टींवर अधिक ठरते.

प्रथम 'लहान' या शब्दाविषयी. आपल्याकडील करव्यवस्थेत लहान गाडी म्हणजे चार मीटरपेक्षा कमी लांबीची गाडी. या आलिशान गाड्या सुमारे ४.४ ते ४.५ मीटर लांब असतात व आरसे सोडून त्यांची रुंदी १.८ मीटरहून अधिक भरते. त्या लहान ठरतात त्या केवळ त्यांच्याच कंपनीच्या मोठ्या भावंडांच्या शेजारी. त्यामुळे वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने त्या मोठ्या गाड्यांतच मोडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गटावर ४० टक्के कर लागू झाला. त्यापूर्वी २८ टक्के कर व त्यावरील उपकर मिळून हे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत जात असे. चार मजली इमारतीखाली खांबांच्या मधोमध गाडी उभी करणाऱ्या दिल्लीकराला या रुंदीची जाणीव रोज होते. खरेदीपूर्वी आपल्या जागेचे माप घेणे, आणि दार उघडून लहान मुलाला बाहेर काढता येईल एवढी फट उरते की नाही हे पाहणे, हा साधा उपाय अनेकजण करत नाहीत.

राजधानी क्षेत्रात इंधनाची निवड हा केवळ मायलेजचा प्रश्न नाही. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या दिल्लीच्या रस्त्यांवरून हटवण्याचा आदेश दिला. पाठोपाठ १६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००० सीसी व त्याहून मोठ्या इंजिनाच्या डिझेल मोटारी व एसयूव्ही यांची राजधानी क्षेत्रातील नोंदणीच थांबवली. या आदेशाने एकाच वर्गातील गाड्यांची विचित्र विभागणी झाली. एक्स-१ व क्यू-३ यांची डिझेल इंजिने २००० सीसीच्या किंचित खाली असल्याने त्या वाचल्या. त्या वेळच्या डिझेल जीएलएचे इंजिन २१४३ सीसीचे असल्याने ती अडकली. ही बंदी ऑगस्ट २०१६ मध्ये, किमतीच्या एक टक्का पर्यावरण शुल्क आकारण्याच्या अटीवर, उठली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिझेलसाठी दहा व पेट्रोलसाठी पंधरा वर्षांची मर्यादा उचलून धरली.

त्यानंतरही हा विषय स्थिरावला नाही. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याची मोहीम सुरू झाली व काही दिवसांतच ती पुढे ढकलावी लागली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे मालकांवर कठोर कारवाई करू नये असे सांगितले. १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित करण्यात आले. दिल्लीत बीएस-४ मानक २०१० पासूनच लागू असल्याने तेथे नव्याने नोंदलेल्या या वर्गातील गाड्या सर्वसाधारणपणे या संरक्षणात येतात. तथापि हिवाळ्यात प्रदूषण 'गंभीर' पातळीवर पोहोचले की श्रेणीबद्ध कृती योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात बीएस-४ डिझेल मोटारी दिल्लीत व लगतच्या चार जिल्ह्यांत रस्त्यावर आणता येत नाहीत. म्हणजे गाडी बाद होत नाही, पण ऐन थंडीत दारात उभी राहते.

बीएस-६ डिझेल गाड्यांची अडचण वेगळी आहे. त्यांच्या धुरवाहिनीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती आपोआप स्वच्छ होण्यासाठी इंजिन काही काळ सलग वेगात चालावे लागते. मयूर विहारहून कॅनॉट प्लेसपर्यंत रखडत जाणाऱ्या आणि तशाच रखडत परतणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही, गाळणी तुंबते व सूचनादिवा लागतो. अशा कुटुंबाने डिझेलच्या मोहात पडू नये, असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. २०२२ मध्ये आलेली क्यू-३ भारतात केवळ पेट्रोलवर देण्यात आली, हेही सूचक आहे. दर आठवड्याला महामार्गावर जाणाऱ्यांसाठी मात्र डिझेलचा हिशेब अजूनही जमतो.

आता मागच्या आसनाकडे वळू. जाहिराती चालकाच्या आनंदाविषयी बोलतात, पण कुटुंब बसते ते मागे. आसनांची उंची ही या गाड्यांची खरी देणगी आहे. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना खाली वाकून शिरावे लागत नाही. परंतु मधल्या जागेत पायांखाली उंचवटा असल्याने तिसरी प्रौढ व्यक्ती लांबच्या प्रवासात अवघडते. मुलांची सुरक्षा आसने अडकवण्याचे आयसोफिक्स खटके साधारणपणे दोन्ही कडांना असतात. अशी दोन आसने बसवली की मध्ये कोणी सुखाने बसू शकत नाही. दोन लहान मुले आणि एक आजी असलेल्या घराने हे शोरूममध्येच, प्रत्यक्ष आसने लावून, तपासावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा वा सुरक्षा आसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे.

प्रौढांनाही हे तितकेच लागू आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. त्यांची मर्सिडीज जीएलसी ही जीएलएपेक्षा मोठी व महाग गाडी होती. पुढे बसलेले दोघे बचावले, मागचे दोघे दगावले. मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात सांगण्यात आले. त्याच महिन्यात दिल्ली वाहतूक पोलिसांनी मागच्या आसनावरील पट्ट्यासाठी दंडाची मोहीम सुरू केली. गाडीत कितीही एअरबॅग असल्या तरी पट्टा नसलेला मागचा प्रवासी धडकेच्या क्षणी पुढच्या आसनावर आदळतो.

दिल्लीच्या हवेविषयी दोन शब्द. पीएम २.५ साठी भारतीय मानक २४ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. नोव्हेंबरात ते अनेकदा कित्येक पटींनी ओलांडले जाते. अशा दिवसांत काचा बंद ठेवून आतली हवा फिरवत ठेवल्यास व गाळणी वेळेवर बदलल्यास गाडीतील धूळ बरीच कमी होते. मात्र चार-पाच माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो व चालकाला पेंग येऊ शकते. म्हणून अधूनमधून काही मिनिटे बाहेरची हवा घ्यावी. काचेच्या मोठ्या छताचे मुलांना आकर्षण असते, पण मे महिन्यात त्याचा पडदा बहुधा ओढलेलाच राहतो.

पावसाळ्यात मिंटो पुलाखाली साचणारे पाणी दिल्लीकरांच्या परिचयाचे आहे. उंच गाडी म्हणून पाण्यात शिरण्याचे धाडस करू नये. पाण्यात इंजिन बंद पडल्यास पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न टाळावा. पाणी आत ओढले गेले की इंजिनाचे दांडे वाकतात, आणि साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

महाराष्ट्रातील वाचकांचा या गाड्यांशी आणखी एका मार्गाने संबंध येतो. वयाच्या नियमांच्या धास्तीने दिल्लीतील अनेक मालक आठव्या-नवव्या वर्षीच डिझेल गाड्या विकतात व त्या स्वस्तात अन्य राज्यांत जातात. अशी गाडी घेताना परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, वित्तसंस्थेचा बोजा उतरल्याचा कागद व सेवा केंद्रातील नोंदी पाहाव्यात. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवायची असल्यास तेथे नवी नोंदणी व कर अनिवार्य आहे. जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत गेली, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांत दिवसेंदिवस पाणी होते. त्यापूर्वीची गाडी असल्यास पायाखालचे गालिचे उचलून आणि डिक्कीतील स्टेपनीचा खळगा उघडून वाळलेल्या गाळाचा थर दिसतो का, हे किमतीची बोलणी सुरू करण्याआधी पाहावे.