घरून काम : आरोग्य, उत्पादकता आणि एका खोलीचा प्रश्न

ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानक आणि फूलबाग परिसरात ‘पडाव’ नावाची वस्ती आहे. पडाव म्हणजे तळ, मुक्काम. याच शहरात १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांच्या फौजेने छावणी टाकली. ती उठलीच नाही. तिचेच पुढे ‘लष्कर’ हे शहर झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा घरून काम हीदेखील अशीच तात्पुरती सोय मानली गेली. पुणे, बंगळुरू, गुरुग्राम येथील नोकरदार ग्वाल्हेरला परतले, तसे म्हापसा, फोंडा, मडगावलाही परतले. हा तळ मात्र अर्धाच टिकला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२५ पर्यंत एका वेळी केवळ २५ टक्के कर्मचाऱ्यांनाच कार्यालयात येण्याची गरज भासेल, असे उद्दिष्ट एप्रिल २०२० मध्ये जाहीर केले होते. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले.

घरून काम केल्याने उत्पादकता वाढते, या समजाचा आधार बहुधा शांघायमधील एका प्रवास कंपनीत २०१०-११ मध्ये झालेला प्रयोग असतो. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. परंतु त्या प्रयोगात भाग घेण्यासाठी घरी कामाची स्वतंत्र खोली असणे ही अट होती, हे सहसा सांगितले जात नाही. शिवाय प्रयोग संपल्यावर सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांनी एकटेपणाला कंटाळून पुन्हा कार्यालयाची वाट धरली.

भारतातील निष्कर्ष याच्या उलट आहेत. आशियातील एका मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपनीतील दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदी २०१९-२० मध्ये तपासण्यात आल्या. घरी कामाचे तास वाढले, उत्पादन मात्र वाढले नाही. परिणामी उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घटली. बैठका वाढल्या आणि सलग एकाग्रतेचा वेळ आटला. म्हणजे थकवा वाढला आणि कामही पुढे सरकले नाही.

चेन्नईतील माहिती-नोंदणी कर्मचाऱ्यांवरील अभ्यास याहून बोलका आहे. चिठ्ठी टाकावी तशी निवड करून काहींना घरी, काहींना कार्यालयात बसवण्यात आले. घरी बसलेल्यांची उत्पादकता १८ टक्के कमी भरली. विशेष म्हणजे ज्यांना घरूनच काम हवे होते, त्यांचे घरचे नुकसान २७ टक्के होते. कार्यालय पसंत करणाऱ्यांचे १३ टक्के. घर मागणारे कामचुकार होते म्हणावे, तर तेच सुरुवातीच्या चाचणीत अधिक वेगवान आणि अचूक ठरले होते. लहान मुले, घरातील वृद्धांची सेवा, बेताची आर्थिक स्थिती अशी कारणे त्यांच्या पसंतीमागे होती. ज्याला निवड म्हटले जाते, ती पुष्कळदा अडचण असते.

ही अडचण स्त्रियांच्या वाट्याला अधिक येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८. घरी बसलेली सून ‘घरीच आहे’ असे गृहीत धरले जाते आणि बैठक चालू असतानाच दारावरची बेल तिच्यासाठी वाजते. प्रवासाचे दोन तास वाचले, तरी ते विश्रांतीकडे जातातच असे नाही.

मधला मार्ग अधिक आश्वासक दिसतो. त्याच चिनी कंपनीने २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर आठवड्यातील दोन दिवस घरून कामाचा प्रयोग केला. कामगिरीत वा बढतीत फरक पडला नाही आणि राजीनामे एक-तृतीयांशाने घटले.

कायद्याच्या पातळीवर हालचाल थोडी आहे. कार्यालयीन वेळेनंतर दूरध्वनी न घेण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. पोर्तुगालने २०२१ मध्ये तसा कायदा केलाही. लॅपटॉप येण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या घरून काम करत आलेल्या सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांचा प्रश्न त्याहून जुना आहे. घरी काम करणाऱ्यांना इतर वेतनदारांसारखीच वागणूक मिळावी, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९९६ चा आहे. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.