विलायती साचा आणि देशी हात

सुवर्णमहोत्सव म्हटला की वास्तू, सत्कार आणि साधर्मिक भोजन डोळ्यांसमोर येते. परंतु मुंबईत १८८७ साली एका सुवर्णमहोत्सवानिमित्त विद्यालय उभे राहिले. कापडाच्या व्यवसायात आयुष्य गेल्यामुळे त्याचे ऋण मला विशेष जाणवते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी स्थापन केली; १८५६ मध्ये ताडदेव येथे ती सुरू झाली. भांडवल, कापूस व मजूर इथलेच. मात्र साचे विलायतेचे आणि ते उभारणारे जाणकारही विलायतेचेच. यंत्र पैसे मोजून आणता येते, कौशल्य मात्र घडवावे लागते.

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास ५० वर्षे झाली, त्याचे स्मारक म्हणून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट भायखळा येथे स्थापन झाली. गिरणीमालक सर दिनशॉ पेटिट यांचा तीस मोठा हातभार लागला. यंत्रविद्या व वस्त्रनिर्मिती शिकलेले देशी तरुण हळूहळू गिरण्यांतील तांत्रिक जागांवर बसू लागले. १९२३ मध्ये संस्था माटुंग्यास गेली. १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करते.

परंतु विद्यालय उघडले तरी परगावच्या गरीब मुलाने मुंबईत राहावे कोठे? पूज्य विजयवल्लभसूरीश्वरजी महाराजांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले आणि उच्च शिक्षणासाठी येणाऱ्या जैन विद्यार्थ्यांना निवासाचा आधार मिळाला. शिक्षण एकाने दिले, आसरा दुसऱ्याने; दोन्ही मिळूनच मार्ग पूर्ण झाला.

या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या. एकाच साच्यावर हयात घालविलेल्या कामगाराला नवे काम शिकविणारे कोणी सहजी भेटले नाही. कौशल्यही काळानुसार नवे करावे लागते.

मी बी.कॉम. होऊन गादीवर बसलो तेव्हा हिशेब येत होता. बोटांनी कापडाचा पोत ओळखणे मात्र वडिलांनी शिकविले. ज्याच्या वडिलांची गादीच नाही, त्याला कोण शिकविणार?

समाजबांधवांनो, आहार, औषध, ज्ञान व अभय ही चार दाने आपण मानतो. महोत्सवाच्या निधीतून दरवर्षी निदान एका गरजू मुलाचा वा मुलीचा व्यवसाय-प्रशिक्षणाचा व निवासाचा खर्च ट्रस्टने उचलावा, अशी माझी नम्र विनंती आहे. संगमरवराचा एक दगड कमी बसला तरी चालेल.

जय जिनेंद्र!