धर्माची सावली आणि शाळेची पाटी

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका निघणार आहे, तुम्ही एक लेख द्या, असा निरोप कार्यकारिणीच्या मंडळींनी धाडला तेव्हा आम्ही त्यांना आधीच बजावले होते, की बाबांनो, आम्ही पडलो नास्तिक माणूस. आम्ही लिहू ते सगळ्यांना गोड लागेलच असे नाही. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही काय आज नास्तिक झालात का? लिहा बिनधास्त." म्हणून हा धीर केला आहे. आम्ही सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभी हयात काढलेला कामगार. दहावी नापास. जे काही वाचले ते तिसरी पाळी करून आल्यावर, डोळ्यांवर पाणी मारून वाचले. तेव्हा जाणकारांनी चूकभूल पोटात घालावी.

इतिहास सांगायचा तर तो घरापासून सांगितलेला बरा.

१९७२ च्या दुष्काळात आमची माय रोजगार हमीच्या खडीवर जायची. सुकडी मिळायची. प्यायला पाणी मिळणे मुश्कील, तिथे डोक्यावरून पाणी कोण घेतो? आमची थोरली बहीण तेव्हा चौथीत होती. महिना महिना डोक्याला ना पाणी ना फणी, त्यामुळे तिचे केस एकमेकांत गुंतून त्यांची जट झाली. आता ही जट मळाने आणि तेला-पाण्यावाचून झाली, हे आज कोणीही सांगेल. पण गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, पोरीच्या अंगावर देवी आली, कात्री लावाल तर घर बसेल. संपला विषय. शाळेतल्या गुरुजींनीही, बाकीची लेकरं भितात, हिला पाठवू नका, असे सांगितले. पोरीच्या हातातली पाटी गेली आणि परडी आली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच घरे जोगवा मागायचा. आणि वाचकहो, हे कोणाच्या घरात झाले? ज्या घराच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा टांगलेल्या होत्या त्या घरात! बापाने दीक्षा घेतलेली होती. बाबासाहेबांचा फोटो आणि देवीचा टाक एकाच फळीवर होते. आमच्या बापाला आम्ही दोष देत नाही. दोन हजार वर्षांची भीती एका दिवसात धुऊन निघत नसते.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या डोक्यात घर करून बसला आहे. शाळा आणि धर्म यांचे भांडण नेमके काय आहे?

पुस्तके चाळू लागलो तेव्हा या प्रश्नाला पहिले उत्तर मिळाले ते एका चौदा वर्षांच्या मुलीकडून. मुक्ता साळवे तिचे नाव. मातंग समाजाची, पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. वेद जर फक्त ब्राह्मणांचेच असतील, आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर मग आम्ही धर्मावाचून आहोत काय, असा तिचा रोकडा सवाल. एकाने भोगावे आणि बाकीच्यांनी तोंड पाहावे असा धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, इथपर्यंत ती पोर जाते. तीन वर्षे शाळेत काढलेली मुलगी हे लिहिते! शाळा लेकराच्या हाती काय देते ते येथे दिसते. आणि धर्माचे ठेकेदार शाळेला का भ्याले तेही दिसते.

त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. इंग्रजांचे राज्य, सरकारी शाळा, सरकारी पैसा. तरी प्रवेश मिळाला नाही. एकाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील, ही सबब. म्हणजे राज्य बदलले, साहेब आला, पण शाळेच्या दारात पहारा धर्माचाच राहिला. पुढे साताऱ्याच्या शाळेत आपल्या बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, ते याच पहाऱ्यामुळे. ते गोणपाट कोणत्या सरकारी कायद्याने दिलेले नव्हते. ते धर्माने दिलेले होते.

जोतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. शेतकऱ्याच्या घामाच्या पैशातून सरकारचा खजिना भरतो आणि शिक्षण मात्र वरच्या जातींना मिळते, हे त्यांनी तोंडावर सांगितले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. योगायोग बघा, त्याच १८८२ साली तिकडे फ्रान्समध्ये जूल्स फेरी नावाच्या मंत्र्याने कायदा करून प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि सरकारी शाळेतून धर्माचा तास काढून टाकला. तिथे पाद्री शाळेबाहेर गेला. इथे जोतिरावांची मागणी कागदावर राहिली. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि दोन वर्षांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सगळ्या मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला, तेवढाच काय तो उजेड.

आणि आपला बीड जिल्हा? आपण तर निजामाच्या राज्यात. येथे दुसऱ्या धर्माची सावली होती. आम्ही फक्त एकाच धर्माला बोल लावतो असा आमच्यावर आरोप होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. निजामाने १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ काढले. देशी भाषेतून उच्च शिक्षण, ही गोष्ट त्या काळी मोठीच होती, ते नाकारू नये. पण ती भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या, महाराच्या, मांगाच्या पोराला ती घरात ऐकू येत नव्हती. शिवाय त्या विद्यापीठात मुस्लिम विद्यार्थ्यांना दीनियात म्हणजे धर्मशास्त्र, आणि इतरांना अखलाकियात म्हणजे नीतिशास्त्र, असा सक्तीचा विषय. विद्यार्थी कोणत्या धर्मात जन्मला यावर त्याने काय शिकायचे ते ठरणार! पदवी घ्यायची तर मराठवाड्यातल्या पोराला हैदराबाद गाठावे लागायचे. आमच्या आजोबांच्या पिढीने जिल्ह्याचे गावही धड पाहिले नव्हते, ते हैदराबाद कुठले पाहणार?

हां, एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. अंबाजोगाईला १९१७ साली योगेश्वरीच्या नावाने शिक्षणसंस्था निघाली. स्वामी रामानंद तीर्थांनीही पुढे तेथे काम केले, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्या शाळेचे नाव घेतले जाते. शाळा देवीच्या नावाची, पण काम लोकांचे केले. तेव्हा पाटीवर कोणाचे नाव आहे एवढ्यावरून आम्ही शाळा मोडीत काढणार नाही. वर्गात लेकराला काय विचारू देतात, ते आम्ही पाहतो.

आता बाबासाहेबांकडे येऊ. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्या माणसांनी दगड खाल्ले, लाठ्या खाल्ल्या, पाच वर्षे लढले. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि देवळाच्या दारातून माणसे माघारी वळवली. या वळणाकडे आमच्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. त्यानंतर त्यांनी देऊळ मागितले नाही, देऊळ बांधलेही नाही. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ कॉलेज. आणि १९५० मध्ये कोठे? तर औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आपल्या मराठवाड्याच्या माळरानावर. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. निजामी राजवट जाऊन तीन वर्षे झाली नव्हती. इथे कॉलेज काढून मुले कुठून आणणार, असे म्हणणारे तेव्हाही असतीलच.

त्या कॉलेजला नाव दिले मिलिंद. आपल्या गल्लीत चार तरी मिलिंद आहेत, पण मिलिंद कोण होता हे त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मिलिंद हा मिनँडर नावाचा ग्रीक राजा. तो भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारत सुटला. साधेसुधे नव्हेत, अडचणीत टाकणारे. नागसेनाने त्याला गप्प केले नाही, शाप दिला नाही, तुझी श्रद्धा कमी पडते असे म्हटले नाही. तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे चाक का, आस का, जू का, असा उलट प्रश्न करून त्याला विचार करायला लावले. बाबासाहेबांच्या त्या परिसराचे नाव नागसेनवन आणि कॉलेजचे नाव मिलिंद. विद्येच्या जागेला देवाचे नाही, देवीचे नाही, प्रश्न विचारणाऱ्याचे नाव! आम्हाला तर शंभर प्रवचनांपेक्षा ही एक गोष्ट मोठी वाटते.

त्या कॉलेजातून शिकलेली पिढी उभी राहिली आणि मग २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. त्यानंतर मराठवाड्यातल्या वस्त्या कशा जळाल्या ते येथे सांगत बसत नाही. त्या दिवसांत माय आम्हा लेकरांना घेऊन ज्वारीच्या रानात झोपायची, एवढे आठवते. विद्येच्या मंदिराला नाव कोणाचे, यावर माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षे लागली.

देशाच्या घटनेने आपल्या परीने बंदोबस्त केलेला आहे. अनुच्छेद २८ म्हणतो, संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही. आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचे नाही. १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. कागद चोख आहे. पण आपल्यापैकी किती आई-बापांनी शाळेत जाऊन सांगितले, की गुरुजी, आमच्या लेकराला पूजेला बसवू नका? आम्ही एकदा गेलो होतो. मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि म्हणाले, अहो, चांगल्या संस्कारासाठी असते ते. नंतर वर्षभर आमच्या पोराला 'नास्तिकाचा' म्हणून हाक मारत. प्रश्न विचारण्याची किंमत लहान असो की मोठी, मोजावीच लागते. नरेंद्र दाभोलकरांनी ती २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात जिवाने मोजली. जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हयातीत झाला नाही, मेल्यावर त्याच वर्षी झाला.

आपल्या जिल्ह्यातही असा माणूस होऊन गेला. दुकडेगावचे एकनाथ आवाड. बाप पोतराज. अंगावर आसूड ओढून घ्यायचा, डोईवर जटा, भिक्षेवर घर चालायचे. आवाड शिकले आणि त्यांनी बंडाची सुरुवात घरातून केली, बापाच्या जटा कापल्या. पुढे मानवी हक्क अभियान उभारून गायरानाच्या जमिनीसाठी मराठवाडाभर लढले, २००६ मध्ये बौद्ध झाले, २०१५ मध्ये गेले. त्यांचे 'जग बदल घालुनी घाव' हे आत्मकथन प्रत्येकाच्या घरात पाहिजे. त्यांची गोष्ट कानावर आली तेव्हा आम्ही विशीत होतो. गिरणीतून येताना कात्री आणली आणि बहिणीची जट कापली. माय दोन दिवस जेवली नाही, घर बसेल म्हणून वाट पाहत राहिली. घर बसले नाही. बहीण म्हणाली, "डोकं हलकं झालं रे. पण आता चौथीत कोण घेतं मला?"

आम्हाला पुष्कळजण विचारतात, नास्तिक आहात तर विहारात कशाला येता? बाबासाहेबांना माणसाला धर्माची गरज वाटत होती. आम्हाला ती तितकी वाटत नाही, हे आम्ही लपवत नाही. पण त्यांनी धर्म आणि धम्म यांत फरक केला आहे. कालामांना तथागतांनी सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका. असे जिथे सांगितले जाते तिथे नास्तिकाला बसायला जागा आहे. म्हणून येतो. मात्र पंचशील घेऊन मुलीच्या लग्नाची तारीख ज्योतिषाकडून काढणारे जेव्हा पहिल्या रांगेत दिसतात, तेव्हा आमच्या जिवाचा तडफडाट होतो. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी शेकडा चाळीसच्या वर बायांची लग्ने अठराच्या आत झालेली निघाली. यात आपली घरे नाहीत असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

आता एक ताजी गोष्ट सांगून थांबतो. कार्यकारिणीपुढे दोन विषय आहेत. विहाराला कमान बांधायची, की मागच्या खोलीत अभ्यासिका काढायची. आमचे मत सर्वांना माहीत आहे, ते परत सांगत नाही. दिवाळीआधी रविवारच्या संस्कार वर्गात आम्ही बसलो होतो. तिसरीतली एक चिमुरडी उभी राहिली आणि म्हणाली, "बुद्ध देव नव्हते ना, मग आपण त्यांना अगरबत्ती का लावतो?" एका वडीलधाऱ्या माणसाने तिला, "खाली बस, असं विचारू नये," म्हणून दटावले. आम्ही तिचा प्रश्न खडूने फळ्यावर लिहिला आणि म्हणालो, पुढच्या रविवारी यावर सगळे बोलू. पुढच्या रविवारी ती आली नाही. मुकादमाची उचल घेतलेली होती, आई-बापासंगे तीही ऊसतोडीला गेली. फळा आम्ही कोणाला पुसू दिलेला नाही. पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततील.