माजघरातला उजेड आणि काचेची वीट

आज इतिहास सांगायचा आहे तो एका विटेचा. सुरुवात घरापासूनच करू.

वडनेरच्या आमच्या जुन्या घरात माजघराला खिडकी नव्हती. मातीची जाड भिंत, वर कवेलू, पलीकडे बोळ. लहानपणी विचारलं की उत्तर मिळे : ऊन येतं आणि येणारा-जाणारा डोकावतो. आजी भरदुपारी कंदील लावून डाळीतले खडे वेचायची. कंदील 'प्रभाकर', ओगल्यांच्या कारखान्याचा. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना 1908 साली निघाला, ओगल्यांचा 1916 साली. स्वदेशी काच आमच्याकडे आली ती अशी, कंदिलातून. भिंतीत यायला तिला फार वेळ लागला.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये फाल्कोनिए यांनी 1886 सालीच बाटलीसारखी फुंकून पोकळ काचवीट केली होती. पुढे दोन अर्धी भांडी तापवून जोडायची रीत आली. आतली हवा निवताना आकसते, म्हणून एकेरी काचेपेक्षा उष्णता कमी शिरते. पॅरिसमध्ये एका डॉक्टरांना जुनं घर पाडून नवं बांधायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या वृद्ध भाडेकरूबाई हलेनात. तेव्हा पिएर शारो यांनी तो मजला तसाच राखून खाली काचविटांचं घर बसवलं. 1932 साली ते पुरं झालं. उजेड आत, नजर बाहेर.

आमची अडचण तीच होती. बोळाकडची भिंत उत्तरेची, म्हणून धीर केला. पश्चिमेची असती तर भट्टी झाली असती. ही वीट वरचा भार पेलत नाही, तेव्हा आधी लिंटेल टाकलं. मग 190 मिलिमीटरच्या चौकोनी विटा, सांध्यांत बारीक सळ्या, कडेला प्रसरणापुरती फट. वारा मात्र यातून येत नाही. त्यासाठी वर जाळी ठेवली.

काम संपल्यावर गवंडी म्हणाला, "काकाजी, आता बैठकीत बसवायच्या का?"

आम्ही म्हणालो, "तिथं दोन खिडक्या आहेत की."

बोललो आणि थबकलो. बैठकीतही ऊन येतच होतं, बोळातला माणूस तिथंही डोकावतच होता. कारण दोन्हीकडे एकच; मग निष्कर्ष वेगळा कसा? जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, पण हा प्रश्न घरात कधी विचारला नाही. बैठकीत पुरुष बसत.

आजी आता नाही. कंदील आहे, काच तडकलेली.