राजाराम महाविद्यालयाचा मल्ल आणि गहाण पडलेले घर

कोल्हापुरात खेळाचा विषय निघाला की पेठापेठांतील फुटबॉलच्या गोष्टींस अंत राहत नाही. त्यापायी भावाभावांत अबोला धरला गेल्याची उदाहरणे आमच्या ज्ञातीतही आहेत! या स्मरणिकेत मात्र आम्ही एका महाविद्यालयीन मल्लाची हकीकत सांगणार आहोत. शिष्यवृत्ती निधीचा हिशेब दरवर्षी आस्थेने वाचणाऱ्या आपल्या कुटुंबांस ती जवळची वाटेल.

खाशाबा दादासाहेब जाधव हे कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वरचे. जन्म १९२६ चा. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. अंगाने लहान, पण चपळाई विलक्षण. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांस कोल्हापूरच्या महाराजांनी साहाय्य केले. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लास तेथे गादीवर, परक्या नियमांनी लढावे लागले. तरी आपल्या वजनी गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

खरी कसोटी १९५२ साली लागली. हेलसिंकीसाठी निवड झाली, पण प्रवासास पैसा नव्हता. खाशाबा वर्गणीसाठी दारोदार हिंडले. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. त्या दिवशी त्या घरातील माणसांस काय वाटले असेल, हा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. शिष्य रिकाम्या हाताने परतला असता तरी कर्ज काही टळणार नव्हते.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरविले. जपानच्या इशी यांच्याशी झुंज लांबली व तीत त्यांची हार झाली. लागलीच त्यांस सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती; पण ती मागण्यास भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता! ही गोष्ट आम्हांस आजही सलते. इशी यांस सुवर्ण, सोव्हिएत मल्लास रौप्य आणि खाशाबांस कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्यासाठी देशास १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली.

कऱ्हाडास त्यांची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीने कर्ज फिटत नाही, हे खाशाबा जाणून होते. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः लढले आणि त्या उत्पन्नातून गुरूंचे घर सोडविले. त्यांस स्वतःला पोलीस खात्यात नोकरी मिळाली ती १९५५ साली.